मशीन न्यायला या

“ते घेऊ नका.”

आवाज मागून आला तेव्हा तिचा हात पर्सच्या चेनवर होता. जुन्या कॉम्प्युटरच्या त्या दुकानात उभं राहायला जेमतेम दोन माणसांची जागा, आणि त्यातला दुसरा माणूस आतापर्यंत खांबासारखा गप्प होता. तिने वळून पाहिलं. निळा कामाचा शर्ट, खिशाला टेस्टर, मनगटापर्यंत ग्रीसचे डाग... आणि चेहऱ्यावर, आपण भलतंच बोलून बसलो, असा भाव.

“मला म्हणालात?”

“हो... म्हणजे, सॉरी. खरेदी तुमची आहे. मी आपला केबल घ्यायला आलोय.”

“मग घ्या ना केबल.”

काउंटरवर व्हिडिओचं जड काम ओढणारं एक ग्राफिक्स कार्ड ठेवलेलं होतं. विटेएवढं जाड, दोन पंखे लावलेलं. दुकानदाराने त्यावरून लाडाने फडकं फिरवलं. “लक्ष देऊ नका ताई. हे कार्ड म्हणजे वाघ आहे, वाघ!”

“वाघच आहे,” तो माणूस हळूच म्हणाला. “पण घरात पाळायचा म्हणजे... खायला काय घालणार?”

तिच्या ओठांच्या कोपऱ्याशी हसू आलं होतं. तिने ते गिळलं. अनोळखी माणसाच्या विनोदाला हसायची तिला सवय नव्हती, आणि आपल्याला एखादी गोष्ट कळत नाही हे कोणी परस्पर ठरवलेलं तर मुळीच खपत नव्हतं.

“कारण सांगा,” ती म्हणाली. “नुसतं नको म्हणू नका.”

“घरी व्हिडिओचा सर्व्हर चालवताय ना? मघाशी तुम्ही यांना सांगत होतात ते ऐकलं. मुद्दाम नाही हं! एवढ्याशा जागेत कान कुठे ठेवू? एका वेळी बघणारे किती?”

“अकरा.”

“घरात अकरा माणसं?”

“घरात तिघंच. ते अकरा जण अकरा गावांत आहेत.”

आता त्या अकरा जणांची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

तिचे बाबा पोहण्याचे कोच. एकतीस वर्षं एकाच तलावावर. सगळं गाव त्यांना ‘सर’ म्हणायचं. तिची आईसुद्धा रागावली की ‘तुमचे सर’ म्हणायची. शिकवण्याची त्यांची एक तऱ्हा होती: तलावाच्या काठावर तिपाईवर कॅमेरा लावायचा आणि प्रत्येक पोराचं पोहणं टिपायचं. मग ओल्या केसांनी त्याला समोर बसवून दाखवायचं, बघ, कोपर कुठे जातंय तुझं. आधी मोठ्या कॅसेट, मग छोट्या टेप, मग मेमरी कार्डं. एकतीस वर्षांतली पोरं कपाटात रांगेने उभी होती. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला आणि सरांची उजवी बाजू आणि जीभ दोन्ही जड झाली. डोकं मात्र होतं तसंच लखलखीत. तिने तेव्हापासून एकेक टेप कॉम्प्युटरवर चढवायला घेतली होती.

सरांचे अकरा विद्यार्थी आता स्वतः कोच झाले होते. त्यांनी एकदा मिळून फोन केला. सर, एक रविवार द्या. आम्ही आपापल्या गावात बसतो, तुम्ही तिथे बसा, जुनी रेकॉर्डिंग सगळे एकदम बघू. पोहायला तुम्ही शिकवलंत, आता बघायला शिकवा.

ही बातमी क्लबच्या सेक्रेटरीला लागली. तो पेढीवर बसल्यासारखा खुर्चीत रेलून म्हणाला, “सगळ्या टेप क्लबला देऊन टाका. क्लबच्या नावाने आम्ही रीतसर दाखवू. घरातल्या डबड्यावर अकरा गावं थोडीच चालणार!” सरांनी त्याच्याकडे पाहिलं. मग एकच शब्द, जोर लावून, बाहेर आला: “घ...रून.”

आणि ती म्हणून गेली, “आमच्या घरातूनच दिसेल. अकराही गावांत. एकदाही न अडखळता.”

तोंडातून निघून गेलं खरं. पण त्या घरात तोंडातून निघालेला शब्द परत घ्यायची पद्धत नव्हती. म्हणून ती आज इथे उभी होती, जुना लॅपटॉप तिसऱ्या फोनलाच धापा टाकायला लागला म्हणून, आणि रविवारला दोन आठवडे उरले होते म्हणून.

हे सगळं तिने त्या निळ्या शर्टवाल्याला असं सांगितलं नाही. चार वाक्यांत सांगितलं. तो ऐकताना मान जराशी तिरकी करत होता, जसं कोणी यंत्राचा आवाज ऐकावा.

“बरं,” तो म्हणाला. “तुमच्याकडचा व्हिडिओ एका साच्यातला. समोरच्याच्या फोनला दुसरा साचा हवा. शिवाय घरातून बाहेर जाणारी इंटरनेटची वाट अरुंद, म्हणून आकारही लहान करायला हवा. म्हणजे चालता चालता एका साच्यातून काढून दुसऱ्यात ओतायचं. त्यालाच—”

“ट्रान्सकोडिंग म्हणतात. माहीत आहे.”

“मग हेही माहीत असेल... की या ओतण्याच्या कामासाठी ऑफिसच्या साध्या कॉम्प्युटरच्या चिपमध्येच एक वेगळा छोटा भाग असतो?”

तिला माहीत नव्हतं.

“त्या भागाला दुसरं काही म्हणता काही येत नाही,” तो म्हणाला. “पण हे एक काम तो बसल्या जागी करतो. तापत नाही, आवाज नाही, वीज एखाद्या बल्बाएवढी. हा वाघ मात्र दिवसभर गुरगुरणार. मशीन ठेवणार कुठे?”

“बाबांच्या खोलीत.”

“मग तर नकोच. चारमजली इमारतीला पन्नास माणसांची मोटर बसवलेली मी बघितली आहे. मालक खूश होते... बिल येईपर्यंत.”

“मोटर?”

“मी लिफ्टवाला आहे. दुरुस्ती करतो. घरी भाऊ, वहिनी, पुतण्या सगळ्यांना एकाच वेळी वेगवेगळं बघायचं असतं, त्यातून हे शिकलो.”

दुकानदाराने कपाळाला हात लावला. कोपऱ्यात छोट्या कॉम्प्युटरांचा ढीग होता. कुठल्याशा ऑफिसने काढून टाकलेले, शब्दकोशाएवढे काळे डबे. लिफ्टवाल्याने फक्त बोट दाखवलं. “तळाशी चिपचा नंबर असेल. सातव्या पिढीची किंवा त्यापुढची हवी, त्याआधीच्या चिपला नव्या फोनचे व्हिडिओ नीट वाचता येत नाहीत. हार्ड डिस्क मात्र कोरी घ्या. जुन्या डिस्कवर बाबांची एकतीस वर्षं ठेवू नका.”

ती सरळ गुडघ्यांवर बसली आणि एकेक डबा उलटा करू लागली. धूळ नाकात गेली, ओढणी काळी झाली. तो मदतीला वाकला नाही. उभा राहिला, बघत. आणि गंमत म्हणजे तेच तिला आवडलं. नवव्या डब्यावर तिचं बोट थांबलं.

“हा.”

तो वाकला. “बघू... हो. हाच.”

कार्डाच्या पाव किमतीत डबा आला. “लिफ्टवाल्या,” दुकानदार म्हणाला, “पुन्हा या दुकानात पाऊल टाकलंस तर बघ!”

“पुढच्या शनिवारी येतो,” तो म्हणाला.

रस्त्यावर येताच त्याने हात पुढे केला. “द्या, मी धरतो.”

“दीड किलोचा आहे. मी रोज बाबांना उचलून खुर्चीत बसवते.”

त्याने हात मागे घेतला. पण तिच्याकडे असं पाहिलं की तिलाच नजर दुसरीकडे वळवावी लागली.

“अडलं तर विचारायला नंबर द्या,” ती म्हणाली. “पण सांगायचं फक्त. करून द्यायचं नाही.”

“कबूल. आणि तुमचा नंबर कोणत्या नावाने लिहू?”

“मी कवळ्या बनवते. लॅबमध्ये.”

“कवळ्या? दातांच्या?”

“नाही, डोळ्यांच्या.”

तो दिलखुलास हसला, आणि मग अचानक तोंडावर हात ठेवला. “अरे बापरे. म्हणजे तुमच्यासमोर दात काढायची सोय नाही.”

“काढा की. वरचा डावा सुळा जरा पुढे आहे, ते मघाशीच बघून झालंय.”

लिफ्टवाल्याचे कान लाल झाले. ती घरी पोचेपर्यंत अधूनमधून, उगीचच, स्वतःशी हसत होती.

*

तिने सांगायला बोलावलं तसा तो दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी आला. आईने दार उघडलं, त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि आत वळून म्हणाली, “अगं, तुझी लिफ्ट आली.”

सर खिडकीजवळच्या पलंगावर उशांना टेकून बसले होते. त्यांनी डाव्या हाताने खूण केली, बस. मग बऱ्याच प्रयत्नांनी विचारलं, “लिफ्ट... पडते?”

दुसरा कोणी असता तर हसून विषय टाळला असता. हा पुढे सरकून बसला. “नाही, सर. दोर तुटला तरी पडत नाही. वेग वाढला की दोन बाजूंचे जबडे रुळांना धरतात. मी स्वतः तपासतो. माझ्या हाताखालची एकही लिफ्ट आजवर पडलेली नाही.”

सरांनी मान डोलावली. स्वतःच्या कामाबद्दल ताठ मानेने बोलणारा माणूस त्यांना नेहमीच आवडायचा. तिने ते पाहिलं आणि तिला उगाच, आपलंच कोणी कौतुक केल्यासारखं, बरं वाटलं.

मग शिकवणी सुरू झाली. सगळं ती करायची, तो सांगायचा. तो स्टुलावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचा.

“हे काय?” तिने विचारलं.

“हात चाळवतात हो. तुम्ही करून द्यायचं नाही म्हणालात ना... मग त्यांना डांबून ठेवलंय.”

“आणि हे कुठे दाबायचं?”

“डावीकडे. नाही, त्याच्या खाली. अजून खाली...”

“दाखवा की बोटाने.”

“सोडवू का हात?”

“एक,” ती म्हणाली. “एकच हात.”

त्याने एक हात सोडवला. पडद्यावर बोट ठेवलं, आणि त्याच जागी तिचंही बोट आलेलं होतं. दोघांनीही ते लगेच काढलं नाही. चूक म्हटली तर चूक... पण फार सावकाश दुरुस्त झालेली. मागे पलंगावर सर डोळे मिटून होते, आणि ते झोपलेले नाहीत हे तिला पक्कं माहीत होतं.

त्या आठवड्यात फोनवर निरोप येत-जात राहिले. ‘डबा तापला का?’ ‘नाही. तुम्ही?’ ‘सातव्या मजल्यावर अडकलोय, कामात.’ ‘जेवलात?’ ‘तुम्ही विचारलंत म्हणून आता भूक लागली.’ लॅबमध्ये मेण वितळवताना ती हे वाचायची आणि शेजारची मैत्रीण म्हणायची, “अगं, मेणाऐवजी तूच वितळशील!”

*

तालीम ठेवली ती पुढच्या बुधवारी, संध्याकाळी. वाडीतल्या शेजाऱ्यांचे सहा फोन गोळा केले आणि एकदम सहाही रेकॉर्डिंग सुरू केली.

पहिली दोन नीट चालली. तिसरं अडखळलं. चौथ्यात पाण्यात उडी मारलेलं पोर हवेतच थांबलं, पाय वर, डोकं खाली. आणि तसंच राहिलं. सर बघत होते. त्यांचा डावा हात चादरीवर नुसता उघडत-मिटत होता.

“चिप कमी पडतेय,” लिफ्टवाला पुटपुटला. त्याचा चेहरा उतरला होता. “माझ्या घरी मोठं मशीन आहे. ते आणतो.”

“नको. मी बघते.”

“रविवारला चारच दिवस आहेत.”

“मी बघते म्हटलं ना.”

दुसऱ्या दिवशी ती लॅबमधून परतली तर टीव्हीखालच्या फळीवर तिचा डबा नव्हता. तिथे एक भलंमोठं मशीन घुमत होतं आणि लिफ्टवाला घाम पुसत, खूश होऊन उभा होता. “झालं! आता वीस माणसं बसवा.”

“माझा डबा कुठे आहे?”

“तो... खाली ठेवलाय. कपाटाशी.”

तिने डबा उचलला, ओढणीने पुसला. “मी काय म्हणाले होते सेक्रेटरीला?”

“घरातून दिसेल.”

“आमच्या घरातून. म्हणजे आमच्या मशीनवरून, आमच्या हाताने. बाबांनी कधी एखाद्या पोराला काठावरून काठीने ओढून शर्यत जिंकवली नाही. ते बुडत असलं तरच हात घालायचे. मी बुडत नव्हते.”

“मला वाटलं, मदत...”

“मदत विचारून करतात. तुम्ही मला न विचारता मला हरलेली ठरवलंत.”

तोही काही कमी नव्हता. त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “ठीक आहे. चिप मी सांगितली होती. चूक झाली तर ती माझ्या नावावर नको, म्हणून धावलो. तुमचा अपमान करायला नाही.”

“म्हणजे तुमच्या नावासाठी!”

त्याने आईला नमस्कार केला, सरांना नमस्कार केला, आणि तो पायऱ्या उतरून गेला. मशीन तसंच राहिलं. तिने जाऊन त्याचं बटण बंद केलं. खोलीत एकदम इतकी शांतता झाली की तिला स्वतःचाच श्वास ऐकू यायला लागला.

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “दोघांनाही वाकायला एकेक माणूस ठेवावा लागेल.”

*

शुक्रवारी सकाळी लॅबमध्ये एका आजोबांची कवळी ओतायची होती. तिने साचा हातात घेतला आणि ती मधेच थांबली. हा साचा कालच तयार करून ठेवला होता. म्हाताऱ्याला समोर तोंड उघडून बसवून कोणी कवळी ओतत नाही! ज्याला वेळ लागतो ते आधी करायचं, माणूस आला की फक्त बसवायचं.

मग दुसरं आठवलं. तालमीत नेमकं अडखळलं ते काय? पहिली दोन नीट चालली ती मेमरी कार्डावरची होती, अलीकडची. थांबली ती सगळी जुन्या टेपवरची.

तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. घरी येऊन डबा पुन्हा फळीवर लावला आणि एकेक रेकॉर्डिंग चालवून बघितलं. अलीकडची सहा एकदम लावली, डबा गार. जुनी एकच टेप लावली, आणि डबा तापू लागला. म्हणजे चिपमधल्या त्या एककामी भागाला टेपचा जुना साचा वाचताच येत नव्हता! तो हात टेकायचा, आणि सगळा भार बिचाऱ्या साध्या चिपवर पडायचा. डबा छोटा नव्हता. त्याच्यापुढे त्याला न येणाऱ्या भाषेतलं पुस्तक ठेवलं होतं.

“बाबा,” ती म्हणाली, “रविवारी कोणकोणती दाखवायची ते आता ठरवा.”

सरांनी तासभर लावून अडतीस निवडली. बोलून नाही, तिने यादी वाचायची आणि त्यांनी डोळे मिटायचे. तिने ती अडतीस एकामागून एक रांगेत लावली. आधीच नव्या साच्यात, कोणत्याही फोनला कळेल अशी, अरुंद वाटेतून जाईल एवढी लहान. डबा गरम झाला, पण आता कोणी वाट बघत नव्हतं. त्याने आपल्या चालीने, शुक्रवार दुपार ते शनिवार संध्याकाळ, शेवटचं पोर पाण्याबाहेर काढलं.

शेजाऱ्यांचे फोन पुन्हा गोळा झाले. या वेळी बारा. बाराही ठिकाणी पोरांनी एकदम उडी मारली आणि कोणीही हवेत अडकलं नाही. आता ओतायचं काही उरलंच नव्हतं. डब्याला तयार ते नुसतं वाढायचं होतं.

तिने फोन उचलला. खूप काही लिहिलं, पुसलं. परत लिहिलं, परत पुसलं. शेवटी एवढंच गेलं:

‘उद्या सकाळी दहा वाजता तुमचं मशीन न्यायला या.’

उत्तर यायला फार वेळ लागला. ‘येतो. नऊला.’

*

तो नऊला आला तेव्हा इस्त्रीच्या शर्टात होता. मनगटावर ग्रीसचा एक डाग तेवढा राहिलेला. त्याची नजर आधी फळीवर गेली. तिथे छोटा डबा होता. त्याने जवळ जाऊन त्यावर तळवा ठेवला, जसा ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात.

“गार आहे.”

“आहेच.”

“काय केलंत?”

तिने सांगितलं. टेपचा साचा, साधी चिप, आधी ओतून ठेवणं. तो मान तिरकी करून ऐकत राहिला. ती थांबली तेव्हा त्याने एक दीर्घ श्वास घेतला.

“मी चुकलो,” तो म्हणाला. “डबा बरोबर सांगितला, पण त्यात काय घालणार ते विचारलंच नाही. आणि अडलं तेव्हा यंत्र बदलायला धावलो. तुम्ही काम समजून घेतलंत.” मग जरा थांबून, अडखळत, “लिफ्टच्या कामात नऊ वर्षं झाली, त्यात मी कोणाला ‘मी चुकलो’ म्हटलेलं नाही. आमच्या कामात ती वेळ येऊ द्यायची नसते. पण तुम्हाला म्हणताना... वाईट नाही वाटलं. उलट अभिमानच वाटतोय. तुमचा.”

तिने बाबांची शिट्टी शोधायला घेतली.

दहाला सुरुवात झाली. सरांना तिने पांढरा शर्ट घातला होता, गळ्यात जुनी शिट्टी. फोनवर अकरा गावांतले अकरा आवाज एकदम “नमस्कार, सर!” म्हणाले आणि खोलीतल्या काचा हलल्यासारखं झालं. तिने पहिलं रेकॉर्डिंग लावलं. पडद्यावर एक अकरा वर्षांचं हडकुळं पोर धपाधप हात मारत चाललं होतं. तेच पोर आता दूरच्या गावात चाळीस मुलांना शिकवणारा भारदस्त कोच होतं.

सर डोळे बारीक करून बघत राहिले. कोणी घाई केली नाही. फोनवर अकरा माणसं श्वास धरून बसली होती.

“को...”, सर म्हणाले. जीभ अडली. त्यांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले. “को...पर.”

“कोपर, सर!” अकरा गावं एकदम ओरडली, आणि हसली, आणि त्या हसण्यात दोन-तीन आवाज चक्क भरून आले होते. त्या भारदस्त कोचने कबूल केलं, “सर, अजून पडतं ते. माझी पोरंसुद्धा तसंच पाडतात.”

“म्हणजे...” सर थांबले. सगळे थांबले. “तू... बघ...त नाहीस.”

दोन तास चाललं. दोन वर्षांत सर एवढे शब्द बोलले नव्हते. अडतीस रेकॉर्डिंग गेली, अकराही गावांत, एकदाही न अडखळता. शेवटी सेक्रेटरीचा फोन आला. त्याने कोणाकडून तरी लिंक मिळवून घरबसल्या सगळं बघितलं होतं. “कोणत्या कंपनीकडून करून घेतलंत?” त्याने विचारलं.

सरांनी फोन आपल्या हातात मागून घेतला. “मु...लगी,” ते म्हणाले, आणि तेवढ्याने त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी पुन्हा जोर लावला. “माझी.”

ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. लिफ्टवाला तिच्या शेजारी आला. नुसता रुमाल कठड्यावर ठेवून गेला.

*

मशीन खरोखरच जड होतं. तो एकटा उचलू लागला तेव्हा तिने दुसरी बाजू धरली. तीन मजले उतरायचे होते. पहिल्या वळणावरच दोघांनी ते पायरीवर टेकवलं. जिन्याच्या जाळीतून उन्हाचे चौकोन भिंतीवर पडले होते. खाली कोणीतरी सायकलला तेल घालत होतं.

“हे नेलं की झालं,” तो म्हणाला. “आता काही काम उरलं नाही माझं इथे.”

“नाही उरलं.”

“डबा चालतोय. तुम्हाला सगळं येतंय.”

“येतंय.”

“मग पुढच्या रविवारी...” त्याने मशीनच्या कडेवरून बोट फिरवलं. “आलो तर... कशाला आलो म्हणून सांगू?”

तिने त्याच्याकडे पाहिलं. इस्त्रीचा शर्ट घामाने चुरगळला होता. हात, पहिल्यांदाच, कुठे डांबलेले नव्हते, आणि तरी काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. तिला एकदम कळलं की हा आता अर्धा तास असाच आडवळणाने बोलत राहील. आणि तिला ज्या गोष्टीचा अभिमान होता ती हीच, की जे म्हणायचं ते ती सरळ म्हणते.

“मला तू आवडतोस,” ती म्हणाली.

‘तू’ जिन्यात घुमला. खालच्या सायकलवाल्याचा हात थांबला असावा.

लिफ्टवाल्याचा सगळा चेहरा उजळत गेला, आधी डोळे, मग बाकीचं.

“मी म्हणणार होतो,” तो म्हणाला. “शपथ. कालपासून पाठ केलंय. मला तू... अरे, म्हणणारच होतो की!”

“पण आधी मी म्हणाले. हे लक्षात ठेव.”

“जन्मभर?”

“जन्मभर. पोराबाळांनी विचारलं तरी खरं सांगायचं.”

“सांगेन. छाती फुगवून सांगेन. म्हणेन, तिने म्हटलं, आणि मला म्हटलं.” त्याने हात पुढे केला. तिने धरला, बोटांत बोटं घालून, ग्रीसच्या त्या डागासकट. दोघंही हसायला लागले, उगीचच, थांबेनाच. मशीन पायरीवर वाट बघत राहिलं.

वरून आईचा आवाज आला. “अगं ए! एवढं जड आहे का ते? कोणाला बोलावू का मदतीला?”

तिने मान वर केली. “जड आहे, आई!” ती ओरडली. “पण आम्ही दोघं आहोत. नेतो!”